जर्मन कुटुंबात राहायला जाण्याआधी

सोलापूरकराची पहिली गोची जेवणाच्या टेबलावर होते. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा वाढायचं. जर्मन घरात एकदा ‘नाइन, डांके’ म्हटलं की विषय संपला, आग्रह होत नाही. शिवाय काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हटलं तरी त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘नको’ असाच घेतात. हवं असेल तर ‘या, गेर्ने’ म्हणा. नाहीतर उपाशी झोपाल, आणि दोष त्यांचा नसेल.

‘शाकाहारी’ म्हणजे तिथे अंडं चालणारा. चालत नसेल तर अंडं, मासे, जिलेटिन असं एकेक नाव घेऊन जाण्याआधीच कळवा. रात्री अनेक घरांत चूल पेटत नाही. पाव, चीज, काकडी असं थंड जेवण, तेही सहा-सातला. दुपारी पोटभर गरम जेवलेलं बरं.

सामानात शेंगाचटणी आणि कडक भाकरी चालतात. तूप, पेढे, खव्याचं काहीही घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चटणी टेबलावर ठेवण्याआधी घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा. भेट म्हणून सोलापुरी चादर उत्तम, पण वजनाला जड. टॉवेलची जोडी बॅगेत सहज बसते.

स्वयंपाकाला शेगडी बहुधा काचेची, विजेवर चालणारी. भाकरी जाळावर फुगवणं विसरा. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमची भांडी तापतच नाहीत, लोखंडी तवा चालतो. फोडणी देताना वरचा पंखा लावा, दार ओढून घ्या. वास कोटांना बसतो, हीच तक्रार सर्वांत जास्त येते.

बाथरूममध्ये बादली-तांब्या नाही, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीला मोरीही नसते. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या मजल्यावर झिरपतं. अंघोळीनंतर काच वायपरने पुसायची, कारण क्षाराचे डाग पडतात. मग खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, हिवाळ्यातसुद्धा. उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद करून बसणाऱ्या आपल्याला हे पटत नाही. पण बंद, दमट खोलीत भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाशी भांडण लागतं.

यजमानांना काका-काकू म्हणू नका. त्यांनी सांगितलं की नावानेच हाक मारायची. जीभ आठवडाभर अडखळते, मग सवय होते.

कचरा वेगळा करणं सोपं: कागद, ओला कचरा, वेष्टनं, उरलेलं. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, म्हणून पहिल्याच दिवशी विचारा. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकली की 25 सेंट परत मिळतात.

रविवारी दुकानं बंद. रात्री दहानंतर शांतता पाळतात, त्यामुळे घरी फोन त्याआधी करा. हिवाळ्यात सोलापूर साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आईच्या जेवणानंतरची वेळ.