जुनी बास गिटार घेताना, विकताना आणि बदलताना या चुका टाळा

मराठवाड्यात बास गिटारची खरेदी-विक्री दुकानांपेक्षा ओळखीपाळखीवर अधिक चालते. भीमजयंतीच्या गायन पार्ट्या, लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, चर्चमधील गायनवृंद आणि महाविद्यालयीन बँड यांच्यात वाद्ये फिरत राहतात. नांदेडच्या वादकाची बास लातूरला जाते, तेथून काही काळाने बीडला पोहोचते, आणि वाटेत प्रत्येकाने तिच्यात काही ना काही बदललेले असते. बास वाजवणारे मुळात थोडे असल्यामुळे निवडीला वाव कमी असतो आणि समोर आलेली बास घाईने घेण्याकडे कल होतो. या घाईत होणाऱ्या बहुतेक नुकसानाचे मूळ एकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे: कोणता दोष निघू शकतो आणि कोणता कधीच निघत नाही, हे न तपासता व्यवहार केला जातो. घेणारा नॉबच्या खरखरीला घाबरतो पण पिळलेला नेक (तारा दाबायचा लांब दांडा) पाहत नाही, आणि बदल करणारा सेटअप (वाद्याची नीट जुळणी) न करताच लाकूड कोरायला घेतो.

नेकच्या आधी नाव पाहणे

लिओ फेंडर यांनी 1951 साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासपासून आजच्या बहुसंख्य बासपर्यंत नेक चार-पाच स्क्रूंनी बॉडीला जोडलेला असतो. नेहमीच्या 34 इंची स्केलवर (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवर) चार तारांचा एकत्रित ताण सुमारे 75 ते 80 किलो भरतो आणि हा ताण वर्षानुवर्षे त्या लांब, अरुंद लाकडावर असतो. म्हणून हेडस्टॉकवरचे (नेकच्या टोकाच्या, तारा ताणायच्या भागावरचे) नाव वाचण्याआधी हेडस्टॉककडून बॉडीच्या दिशेने एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा पाहाव्यात. दोन्ही कडा सारख्याच किंचित वाकलेल्या दिसल्या तर चिंता नाही, कारण तो बाक ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याने) कमी-जास्त करता येतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली, तर नेकला पीळ पडला आहे. ट्रस रॉड पीळ काढत नाही. अशी बास कितीही नावाजलेल्या कंपनीची असली तरी तिची किंमत बॉडी, पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग) आणि ट्यूनर (सूर लावायच्या खुंट्या) यांच्या किमतीइतकीच धरावी.

त्यानंतर ई तार (चार तारांतली सर्वांत जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरील धातूच्या पट्टीवर) दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातील अंतर पाहावे. ते 0.3 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या जाड व्हिजिटिंग कार्डाएवढे असणे चांगले. अंतर फार असेल किंवा मुळीच नसेल, तर विक्रेत्याला त्याच्याच हाताने ट्रस रॉड पाव फेरा फिरवून दाखवण्याची विनंती करावी. तो फिरत नसेल, त्याचा नट शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा चावीची खाच गुळगुळीत झालेली असेल, तर व्यवहार तेथेच थांबवलेला बरा. खाच बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चुकीची चावी. अमेरिकी मापाच्या अनेक बासला 3/16 इंचाची ॲलन की लागते, तर आशियात बनलेल्या बहुतेक बासला 4 किंवा 5 मिलिमीटरची. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर, त्यामुळे 4.5 ची की आत जाते, थोडी पकड घेते आणि जोर लावला की खाच खाऊन टाकते.

फ्रेट पाहताना तारांच्या खाली पडलेल्या खाचा बोटाने चाचपाव्यात. हलक्या खाचा घासून समतल करता येतात, मात्र फ्रेटची उंचीच संपलेली असेल तर सगळे फ्रेट बदलावे लागतात. आपल्या भागात हे काम नीट करणारा कारागीर सहज सापडत नाही आणि त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. तो खर्च, प्रवासासह, बोलणी करतानाच हिशेबात धरावा.

नावाबद्दल एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे. नेक सुटा होत असल्यामुळे एका बासचा नेक दुसऱ्या बॉडीवर बसवणे सोपे असते, आणि हेडस्टॉकवरील अनुक्रमांक फक्त त्या नेकची ओळख सांगतो. फेंडरच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडच्या क्रमांकाची सुरुवात आयसीएस या अक्षरांनी होत असेल तर तो नेक इंडोनेशियातला आहे, आणि फेंडरच्या नव्या क्रमांकातील एमएक्स ही अक्षरे मेक्सिको दर्शवतात. विक्रेता अमेरिकी बास म्हणून किंमत सांगत असेल आणि क्रमांक वेगळे सांगत असेल, तर क्रमांकावर विश्वास ठेवावा. नेक आणि बॉडी वेगवेगळ्या बासची असली म्हणून वाद्य वाईट ठरत नाही, पण ती गोष्ट सांगून आणि त्या मानाने कमी किमतीत विकली गेली पाहिजे.

मोबाईलवरच्या व्हिडिओवरून आवाज ठरवणे

परभणीत बसून संभाजीनगरची बास पसंत करायची म्हटले की व्हिडिओ मागवला जातो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु बासच्या उघड्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्झ असतो आणि पाच तारी बासची बी तार 31 हर्ट्झपर्यंत उतरते. मोबाईलचा स्पीकर हे स्वर वाजवूच शकत नाही, तो फक्त त्यांचे वरचे अंश ऐकवतो. त्यामुळे व्हिडिओ चांगल्या हेडफोनवर ऐकावा आणि विक्रेत्याला प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवायला सांगावा. एखादे आवडते वळण वेगाने वाजवून दाखवले की नेमके नादुरुस्त फ्रेट झाकले जातात. प्रत्यक्ष भेट जालन्याच्या बसस्थानकावर ठरवण्यापेक्षा जेथे अँप्लिफायर आणि विजेची सोय आहे अशा एखाद्या तालमीच्या जागी ठरवावी. टोकन रक्कम ऑनलाइन देताना हेही लक्षात असावे की पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तसा आग्रह कोणी धरला तर तो व्यवहार सोडावा.

किरकोळ किंवा स्वाभाविक गोष्टींना दोष समजणे

चांगल्या बास काही वेळा अगदी चुकीच्या कारणांनी नाकारल्या जातात. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, आणि ढिला जॅक हे दहा मिनिटांचे काम आहे. जी (सर्वांत बारीक) तारेवर साधारण पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या पट्ट्यात एखादा स्वर लवकर विझतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. त्या स्वराच्या कंपनाशी नेकचे स्वतःचे कंपन जुळते आणि तारेची ऊर्जा लाकूड शोषून घेते, म्हणून तो निर्माण होतो. बोल्ट-ऑन (स्क्रूंनी जोडलेल्या) नेकच्या अनेक उत्तम बासमध्ये तो असतो. हेडस्टॉकला छोटा क्लँप लावून पाहावे. डेड स्पॉट जागा बदलत असेल तर कारण नेकच आहे, हे सिद्ध होते. तो घालवण्यासाठी महागडे पिकअप बसवणारे लोक मी पाहिले आहेत. पिकअपने तो जाणे शक्यच नाही.

घुमणाऱ्या हमबाबतही (स्पीकरमधून येणाऱ्या सततच्या गुणगुणीबाबत) असाच गोंधळ असतो. 1960 साली आलेल्या फेंडरच्या जॅझ बासच्या रचनेत दोन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की हम बरीचशी रद्द होते आणि एकाचा व्हॉल्यूम कमी केला की ती परत येते, हा त्या रचनेचा स्वभाव आहे. प्रिसिजनच्या 1957 नंतरच्या दुभंगलेल्या पिकअपमध्ये हम रद्द करण्याची सोय मुळातच आहे, म्हणून प्रिसिजन मोठ्याने घुमत असेल तर वायरिंग तपासावे. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ग्राउंडची वायर शाबूत आहे आणि फक्त शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे आवरण) कमी पडत आहे, असे समजावे. हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालची (तारा जेथे बॉडीला टेकतात त्या भागाखालची) वायर तुटलेली असण्याची शक्यता मोठी असते.

तारांना किंवा माइकला हात लागताच झिणझिणी आली, तर बास लगेच खाली ठेवावी. दोष तेव्हा बहुधा जागेच्या अर्थिंगमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये असतो आणि तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल संपते आणि अर्थिंग दुर्बळ होते. नेमके त्याच दिवसांत मोकळ्या मैदानावरचे कार्यक्रम सर्वाधिक असतात. खड्ड्यात पाणी ओतले आहे का, हे मंडपवाल्याला विचारायला संकोच करू नये, आणि हम घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये.

ऋतू विसरणे

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, हवा अतिशय कोरडी असते, आणि त्याच वेळी घरातला कूलर खोलीत ओलसर हवा सोडत असतो. दुपारी कोरड्या खोलीत आणि रात्री कूलरसमोर उभी राहणारी बास दररोज सुकते आणि फुगते. लाकडी वाद्यांना 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्या घरात ती राखणे अवघड असले तरी कूलरच्या झोतापासून दूर, केसमध्ये वाद्य ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसतो आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. ती कारागिराकडून एकदा घासून घ्यावीत, आणि हे काम उन्हाळ्यातच करावे, कारण तेव्हा टोके पूर्ण बाहेर आलेली असतात. मे महिन्यात घेतलेली बास जुलैत खणखणू लागली म्हणून विक्रेत्याला दोष देण्याआधी बाक मोजून पाव फेरा देऊन पाहावा आणि एक दिवस थांबावे. फ्रेटबोर्ड सुकला म्हणून खोबरेल तेल लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ते खवट होते आणि तारांखाली चिकट थर धरते. लॅकर दिलेल्या मेपल फ्रेटबोर्डला तर कोणत्याच तेलाची गरज नसते.

सेटअपच्या आधी बदल करणे

आवाज आवडत नाही म्हणून पिकअप बदलण्याआधी नव्या तारा लावाव्यात आणि पूर्ण सेटअप करावा. त्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम तारा लावून सुरात आणाव्यात, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणे) आणि सर्वांत शेवटी पिकअपची उंची. उंची आधी लावून नंतर ट्रस रॉड फिरवला की पहिले सगळे काम वाया जाते. खणखण कोठे होते यावरून कारण सापडते: उघड्या तारेलाच होत असेल तर नटची (हेडस्टॉकजवळ तारा टेकणाऱ्या पट्टीची) खाच खोल गेली आहे, पहिल्या चार-पाच फ्रेटवर होत असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ आहे, एकाच फ्रेटवर होत असेल तर पुढचा फ्रेट वर आला आहे. पिकअप तारांच्या फार जवळ असल्यास चुंबकाच्या ओढीने तार बेसूर होते, आणि पुष्कळांना तो दोष तारांचा वाटतो.

सुटे भाग मागवताना मोजमाप न घेणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. अनेक जॅझ बासमध्ये ब्रिजजवळचा पिकअप नेकजवळच्या पिकअपपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो; दोन सारखे पिकअप मागवले की एक बसत नाही, आणि मग कानशीने बॉडी घासली जाते. सोपबार (साबणाच्या वडीसारख्या चौकोनी) पिकअपचे 35, 40 आणि 45 हे आकडे 3.5, 4 आणि 4.5 इंच लांबी दर्शवतात, त्यांच्यातही अदलाबदल होत नाही. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) सिंगल कॉइलला सामान्यतः 250 किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नियंत्रक) लागतात आणि अॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपला 25 किलोओहमचे. अॅक्टिव्ह पिकअपला 250 चे पॉट लावले तर व्हॉल्यूम हळूहळू कमी न होता एकदम पडतो. प्रीअँप (आवाज वाढवणारे छोटे सर्किट) बसवण्याआधी 9 व्होल्टची बॅटरी पोकळीत मावते का, हे पाहावे. स्टिरिओ जॅकमुळे केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी चालू राहते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढलीच पाहिजे.

सोल्डरिंगसाठी तालुक्याच्या ठिकाणी मोबाईल दुरुस्त करणारे कुशल हात मिळतात, आणि त्यांच्याकडून काम करून घेण्यास हरकत नाही. त्यांची बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न मात्र पॉटच्या धातूच्या पाठीला पुरेशी उष्णता देत नाही, त्यामुळे तेथे ड्राय सोल्डर (कच्चा जोड) राहतो आणि महिन्याभरात हम सुरू होते. मोठ्या टोकाची, चाळीस वॅटच्या आसपासची सोल्डरिंग आयर्न वापरायला सांगावे आणि जुन्या जोडणीचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.

लाकडाला हात घालणारे बदल सर्वांत शेवटी करावेत. प्रिसिजनमध्ये ब्रिजजवळ जॅझचा पिकअप बसवणे लोकप्रिय आहे आणि त्याचा आवाज खरोखर उपयोगी असतो, परंतु राउटर (लाकूड कोरण्याचे यंत्र) चालवणारा सुतार फर्निचरमध्ये कितीही निष्णात असला तरी पिकअपची खोली आणि तारांशी असलेली रेषा त्याला आखून द्यावीच लागते. चार तारांवर बी, ई, ए, डी लावायचे असल्यास मूळ नटच्या खाचा रुंद करू नयेत. तो काढून जपावा आणि जाड तारांसाठी वेगळा नट बसवावा. नट बसवताना झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा भरपूर वापर केला तर पुढच्या वेळी नटबरोबर लाकडाचा कपचाही निघतो, म्हणून एक-दोन बारीक थेंब पुरेसे मानावेत. फ्रेट उपटून फ्रेटलेस करणे हा तर परतीची वाट नसलेला निर्णय आहे. तयार फ्रेटलेस नेक मिळत असेल, तर मूळ नेक बाजूला ठेवून तो लावणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

विकताना बदलांचा खर्च मागणे

बासमध्ये घातलेला प्रत्येक रुपया किमतीत परत मिळेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. घेणाऱ्याला तुमच्या आवडीचा प्रीअँप हवा असेलच असे नाही. मूळ पिकअप, पॉट, ब्रिज आणि स्क्रू एका डब्यात जपलेले असतील, तर बास पूर्ववत करून विकावी आणि बसवलेले भाग स्वतंत्रपणे विकावेत. असे केल्याने एकूण रक्कम बहुतेक वेळा जास्त येते. जे बदल परत करता येत नाहीत, ते पहिल्याच बोलण्यात सांगावेत. बास वाजवणाऱ्यांचे वर्तुळ आपल्याकडे इतके लहान आहे की लपवलेली कोरीव पोकळी पिकगार्ड (बॉडीवरील पातळ पत्रा) उघडल्या दिवशी सगळ्यांना कळते. व्यवहाराची चिठ्ठी लिहून तिच्यावर अनुक्रमांक आणि बदलांची नोंद करावी, म्हणजे पुढे चोरीचा किंवा फसवणुकीचा वाद उद्भवला तर दोघांनाही आधार राहतो.

पार्सल पाठवायचे असल्यास तारा थोड्या सैल कराव्यात, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना घट्ट आधार द्यावा आणि उन्हाळ्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत, विशेषतः इंजिनाजवळ, वाद्य ठेवू देऊ नये. नेक सोडवून पाठवल्यास खोके लहान होते आणि हेडस्टॉक तुटण्याचा धोका घटतो. मात्र परत जोडताना स्क्रू सरळ आवळू नयेत. प्रत्येक स्क्रू आधी हाताने उलटा फिरवावा, तो जुन्या आट्यात अलगद बसल्याचे जाणवले की मगच पुढे फिरवावा, अन्यथा लाकडात दुसरे आटे पडून नेकची पकड कायमची ढिली होते. ही सूचना पार्सलमध्ये कागदावर लिहून टाकावी, कारण फोनवर सांगितलेले खोके उघडण्याच्या घाईत विसरले जाते.