रोमन अवशेषांची सोळाव्या शतकातली मुद्राचित्रं: अभ्यासताना या चुका टाळा

चित्रावर १५४६ कोरलेलं आहे म्हणून हातातला कागदही १५४६ मध्येच छापला, ही सर्रास होणारी चूक. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यावरून कागदावर छापली जात; ते साल त्या पत्र्याचं. पत्रा पुढे अनेक वर्षं छपाईला लागायचा. रोमचा प्रकाशक आंतोनिओ लाफ्रेरी १५७७ मध्ये वारला आणि त्याचे पत्रे वारसांकडून पुढे इतर प्रकाशकांच्या हाती गेले. नवा मालक आपलं नाव कोरायचा, जुनं साल बहुधा तसंच राहायचं. म्हणून खालच्या कडेची सगळी अक्षरं वाचा. तिथे जोव्हान्नी ओर्लांदी या नंतरच्या प्रकाशकाचं नाव आणि १६०२ दिसलं, तर छपाई त्याआधीची असूच शकत नाही. नाव नसेल तर सावलीच्या बारीक रेषा भिंगातून बघा. तांबं मऊ, या उथळ रेषा सर्वांत आधी झिजतात; त्या पुसट असतील तर छपाई बहुधा उशिराची.

पत्र्यावरची आकृती कागदावर उलटी उमटते. कोरणाऱ्याने रेखाटन आधी उलटं करून घेतलं नसेल, तर डावं-उजवं बदलतं. अक्षरं सुलट आहेत यावर विसंबू नका; ती मुद्दाम उलटी कोरलेली असतात. पडताळायला खूण प्रत्यक्ष जागेवरची हवी. कलोसियमची उंच बाहेरची भिंत उत्तरेला टिकली आहे. फोरमकडून, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाकडून, पाहताना ती डावीकडे आणि कॉन्स्टंटाइनची कमान उजवीकडे यायला हवी.

खरी जोखीम पुराव्याची आहे. रोममधल्या सेप्टिझोडियम या प्राचीन वास्तूचे अवशेष पोप सिक्स्टस पाचव्याने १५८८-८९ मध्ये पाडले. तिथे आता जाऊन पडताळता येत नाही, त्यामुळे जुनी चित्रंच हाताशी उरतात. तीन चित्रं जुळली म्हणून तीन साक्षीदार मिळाले असं मात्र धरू नका. प्रकाशक एकमेकांची चित्रं सर्रास उतरवून घेत. तेच झुडूप, तीच माणसं, तीच मोजमापाची चूक दिसली की साक्षीदार एकच. नक्कल बरेचदा मूळ चित्राच्या उलट्या बाजूने असते, हेही तपासा. शिवाय भग्न भाग कुठे संपतो आणि कल्पनेने पूर्ण केलेला कुठे सुरू होतो, ते आधी वेगळं करा. इटालियन वास्तुकार पालाडिओच्या १५७० च्या ग्रंथातली मंदिरं बहुतेक पूर्ण करूनच दाखवलेली आहेत.

त्याच ग्रंथातले आकडे इटलीतल्या विचेन्झा शहराच्या फुटात आहेत, म्हणजे सुमारे ३५.७ सेंटिमीटर. प्राचीन रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटरचा. गल्लत झाली, तर १०० फुटांमागे सहा मीटरचा फरक पडतो. कागदावर पट्टी ठेवूनही थेट मोजू नका. छपाईसाठी ओला केलेला कागद वाळताना आक्रसतो. त्याच कागदावर मापरेषा छापलेली असेल, तर मोजमाप तिच्याच प्रमाणात काढा.