कढईला कान दोन

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुठलीही इंग्रजी नोटीस लागायच्या आधी माझ्याकडे येते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याची ही वरकड पेन्शन. गेल्या मार्चमध्ये मात्र सेक्रेटरींनी घाईघाईत एक परस्पर लावली: ‘मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल बी चार्ज्ड इंटरेस्ट.’ संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या काकू पावत्यांची फाइल घेऊन माझ्या दारात. “बाई, मी वर्षाचे पैसे एकदम भरलेत, मला कसलं व्याज?”

काकूंनी इंग्रजी अगदी बरोबर वाचलं होतं. दोन कॉमांमध्ये घातलेला मजकूर म्हणजे जाता जाता दिलेली जास्तीची माहिती. म्हणजे त्या नोटिशीप्रमाणे सगळेच मेंबर थकबाकीदार, आणि व्याज सगळ्यांनाच. दोन्ही कॉमा काढले की व्याज फक्त न भरणाऱ्यांना.

आपण इथे अडखळतो, कारण मराठीत हा फरक दाखवावाच लागत नाही. ‘माझा पुण्यात राहणारा भाऊ डॉक्टर आहे.’ भाऊ एक की तीन, हे वाक्य सांगत नाही, आणि आपलं काही अडतही नाही. इंग्रजीत हे वर्णन भावाच्या मागून येतं, आणि एकच भाऊ असेल तर ते कॉमांत बसतं: ‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज अ डॉक्टर.’ तिघांपैकी पुण्याचा सांगायचा असेल तर कॉमा नकोत.

म्हणून लिहून झालं की मधल्या तुकड्यावर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाचा. उरलेलं खरं असेल, कोणाबद्दल आहे तेही कळत असेल, तर कॉमा द्या. ‘मेंबर्स विल बी चार्ज्ड इंटरेस्ट’ हे खरं नव्हतं, तिथेच नोटीस फसली. ‘दॅट’ने सुरू होणारं वर्णन असेल तर अंगठाही नको, तिथे कॉमा येत नाही. जास्तीची माहिती ‘विच’ने द्यायची.

आणि कॉमा द्यायचे तर दोन. कढई एका कानाने उचलली की आमटी सांडते. सर्वांत जास्त सांडते ती पत्त्यांमध्ये: ‘द फॅक्टरी इन चाकण, पुणे, इज क्लोज्ड.’ पुण्यानंतरचा कॉमा दहातले नऊ जण विसरतात. तुकडा वाक्याच्या शेवटी असेल तर मात्र दुसऱ्या कॉमाचं काम पूर्णविराम करतो.

दोन कॉमांचं वजन बघायचं तर कॅनडात चला. रॉजर्स आणि अलिअंट या कंपन्यांचा विजेच्या-टेलिफोनच्या खांबांबद्दल करार होता: पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पुढच्या पाच-पाच वर्षांसाठी, एक वर्षाची नोटीस देऊन रद्द केला नाही तर. ‘त्यानंतर’वाला तुकडा दोन कॉमांत होता. 2006 साली तिथल्या दूरसंचार नियामकाने त्यावर अंगठा ठेवला, आणि नोटिशीची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू झाली. 2007 मध्ये कराराची फ्रेंच प्रत वाचून निर्णय फिरवला, ते वेगळं.

कंसाचं काम हळू आवाजातलं, बाजूला तोंड करून सांगितल्यासारखं. ‘द ट्रेझरर (बी-304) विल कलेक्ट द चेक्स.’ कंस उघडण्याआधी कॉमा कधीच नाही. लागलाच तर कंस मिटल्यावर.

डॅशचा आवाज मोठा. पण मी तो वापरते ते तुकड्याच्या पोटातच कॉमा असतील तेव्हा. ‘द थ्री विंग्स, ए, बी अँड सी, विल गेट वॉटर ॲट सेव्हन’ असं लिहिलं तर यादी कुठे संपली ते शोधत बसावं लागतं. ‘द थ्री विंग्स – ए, बी अँड सी – विल गेट वॉटर ॲट सेव्हन’ एका नजरेत कळतं. ब्रिटिश छपाईत असाच छोटा डॅश, दोन्हीकडे जागा सोडून. अमेरिकेत लांब आणि बहुधा शब्दांना चिकटून. कुठलाही घ्या, पण एका नोटिशीत एकच. आणि हायफन म्हणजे डॅश नव्हे. मोबाइलवर बहुतेक कीबोर्डांत हायफन दाबून धरला की डॅश वर येतो.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी नोटीस बदलली. घाईत एकच कॉमा काढला होता.