मैत्रिणीने प्रश्नांची यादी पाठवलीये? उत्तरं अशी लिहा की तिला पुढचं विचारावंसं वाटेल

मागच्या थंडीत माझ्या रूममेटने मला व्हॉट्सॲपवर २० प्रश्न पाठवले. एका फ्लॅटमध्ये राहून आम्हाला दोन महिने झाले होते, ती गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाची, मी जुन्नरची, शिफ्ट दोघींच्या उलट्या, त्यामुळे ओळख म्हणजे ओट्यापाशी "दूध आणलंस का" एवढीच. प्रश्न नेहमीचेच होते, बालपण कसं गेलं, आवडता पदार्थ, आवडतं ठिकाण, भीती कशाची वाटते, पॅशन काय, ५ वर्षांनी कुठे असशील. मी बसमध्ये बसल्या बसल्या दहा मिनिटांत सगळं उरकलं. बालपण छान, पदार्थ पुरणपोळी, ठिकाण माझं गाव, भीती पालीची, पॅशन वाचन आणि फिरणं. तिचा रिप्लाय आला, "बरं". बस्स. ते वाचून मला खूप लागलं, कारण तिने येऊन दार वाजवलं होतं आणि मी साखळीही न काढता फटीतून बोलून मोकळी झाले होते.

रविवारी मी तीच यादी परत घेतली आणि सावकाश लिहिली, आणि तेव्हा जे जे कळलं ते इथे सांगतेय, कारण अशी यादी कधी ना कधी सगळ्यांनाच येते, नवीन हॉस्टेल असो, नवीन ऑफिस असो नाहीतर लग्न ठरल्यावरचं पहिलं चॅटिंग असो.

पहिली गोष्ट, नाव सांगून थांबू नका, त्या नावामागचा एक प्रसंग सांगा. पुरणपोळी कोणाला आवडत नाही, त्यातून मी कोण ते काय कळणार? दुसऱ्यांदा मी शेंगोळी लिहिली. हुलग्याचं पीठ, त्यात थोडी कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तेलाचा हात लावून ती बोटभर लांब वळायची आणि टोकं जुळवून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची, मग ते पाणी हळूहळू दाट होत जातं. आजी मला शेजारी बसवून वळायला लावायची, माझी मधेच जाड व्हायची, ती बरोब्बर ओळखून स्वतःच्या ताटात घ्यायची आणि सारखी वळलेली मला वाढायची. एवढंच लिहिलं, सहा-सात ओळी. पाच मिनिटांत तिचा मेसेज, हुलगे म्हणजे कुळीथच ना, आणि तिच्याकडे लाखोळीच्या डाळीचे वडे कसे करतात ते तिने न विचारता सांगितलं. म्हणजे उत्तर जमलं की नाही ते असं ओळखायचं, समोरच्याला त्यातून स्वतःचं काहीतरी आठवलं पाहिजे.

ठिकाणाचंही तसंच. नुसतं नाणेघाट लिहिलं तर तो पत्ता झाला. तिथे पावसाळ्यात धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं आणि सपकन तोंडावर येतं, मी पहिल्यांदा बाबांच्या खांद्यावर बसून ते झेललं, हे लिहिलं की ते माझं ठिकाण झालं. बालपणाला तर एक दिवस निवडा, फार तर घरातला एक कोपरा. सगळं बालपण एका उत्तरात मावत नाही, मावायची गरजही नाही.

आता पॅशन. सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात, आणि मला ते मनापासून कळतं, कारण हा शब्द कानावर पडला की वाटतं आपल्याकडे एखादं मेडल पाहिजे, निदान इन्स्टावर पेज तरी पाहिजे, आणि काहीच नाही म्हणून मग वाचन-संगीत-प्रवास लिहून माणूस सुटका करून घेतो. तर तो शब्दच बाजूला ठेवा. काय करत असताना तुमचा चहा गार होऊन जातो? कोणत्या विषयावर तुम्ही न विचारता बोलायला लागता? फोनच्या गॅलरीत कशाचे फोटो सगळ्यात जास्त आहेत? उत्तर तिथे असतं, कधी ते कुंडीतल्या गुलाबांचं असतं, कधी एसटीच्या रूट्सचं, कधी जुने रेडिओ उघडून बघण्याचं.

माझ्या गॅलरीत दगड आहेत. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत २०० च्या वर लेणी आहेत, लेण्याद्रीला गणपतीला तर आम्ही लहानपणापासून जायचो, पण भिंतीवरची अक्षरं मला नुसती ओरखड्यांसारखी वाटायची. मग कॉलेजला असताना एका सरांनी खडूने फळ्यावर दाखवलं की ब्राह्मीत, म्हणजे लेण्यांतल्या त्या जुन्या लिपीत, क म्हणजे सरळ अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, ग म्हणजे छपरासारख्या दोन तिरप्या रेघा, आणि पुढच्या वेळी मी लेण्याद्रीला गेले तेव्हा त्या भिंतीत मला एक क दिसला. अंगावर काटाच आला. मधली कितीतरी शतकं ही लिपी कोणालाच वाचता येत नव्हती, १८३७ च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ती उलगडली, आणि आज मी माझ्या मोबाईलच्या टॉर्चने एकेक अक्षर लावत बसू शकते. जुन्नरच्या शिलालेखांमध्ये राजांपेक्षा साधी माणसंच जास्त भेटतात, कोणी पाण्याचं टाकं दिलं, कोणी लेणं खोदून दिलं, कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचा, म्हणजे त्यांच्या संघटनांचा उल्लेख आहे. कासार आळी तर आपल्याकडे आजही कितीतरी गावांत आहे, म्हणून तो शब्द दगडात भेटला की मला ती माणसं ओळखीची वाटतात. झिजलेले काने-मात्रे मला अजून अडतात, आणि भाषा प्राकृत असल्याने अक्षरं लागली तरी अर्थासाठी पुस्तक उघडावं लागतं.

हे तुम्हाला एवढं लांबवून सांगितलं कारण पॅशनच्या उत्तरात मला तीन गोष्टी फार कामाच्या वाटतात, त्याचं वेड कुठल्या क्षणी लागलं, तुम्ही हाताने नेमकं काय करता आणि अजून काय जमत नाही. जमत नाही तो भाग गाळू नका, समोरच्याला बोलायला जागा तिथेच मिळते. आपण यात किती हुशार आहोत ते मात्र राहू द्या.

एका दमात सगळी २० उत्तरं पाठवू नका. आर्थर अ‍ॅरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग छापला होता, अनोळखी लोकांच्या जोड्या बसवून त्यांना ३६ प्रश्न दिले, तीन टप्प्यांत, पहिले सोपे आणि पुढचे जास्त जास्त आतले, सगळं मिळून पाऊण तास, आणि नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. त्यातलं मी एकच उचललंय, प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं, आळीपाळीने. आम्ही मग रोज रात्री दोन-दोन प्रश्न घेतले, एक तिने आधी, एक मी आधी, आणि लांब असेल तर व्हॉइस नोट, कारण टाइप करताना आपण नकळत वाक्यं साफसूफ करतो आणि आवाजात ती तशीच राहतात.

भीतीच्या प्रश्नाला पालीच्या मागे लपू नका, पण पहिल्याच आठवड्यात सगळं मन रिकामंही करू नका. "हे मला सांगायचंय पण आत्ता नाही" हे पूर्ण उत्तर आहे, मी तसंच लिहिलं आणि तिने परत विचारलं नाही, म्हणून मला ती आणखी आवडली. घरातल्यांच्या गोष्टींना जपा. तुमच्या बहिणीचं मोडलेलं लग्न, भावाचं कर्ज हे तुमच्या आयुष्यात घडलं असलं तरी ते सांगायचा हक्क त्यांचा आहे.

आणि हो, असेच प्रश्न स्टोरीवर फिरत येतात तेव्हा जपून. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव हे पासवर्ड विसरल्यावर विचारायचे प्रश्न म्हणून वापरले जातात. मैत्रिणीला समोर बसून सांगा, पब्लिक करू नका.

५ वर्षांनी कुठे, याला पदाचं नाव लिहिण्यापेक्षा त्या वेळची एक सकाळ लिहा, कुठे जाग येईल, घरात कोण असेल. पुढे उत्तर बदललं तरी काही बिघडत नाही. आपल्या स्लॅमबुकसारख्या वह्या युरोपात पण होत्या, मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाने १८८० च्या दशकात, ऐन पोरवयात, एका मैत्रिणीच्या वहीत उत्तरं लिहिली होती आणि विशीत पुन्हा तसल्याच प्रश्नांना वेगळी लिहिली, आज ती प्रश्नावली त्याच्याच नावाने ओळखतात. आम्हीही आमची उत्तरं ठेवलीत, पुढच्या वर्षी परत लिहिणार आहोत.

शेवटच्या प्रश्नाला मी तिला विचारलं, तुझा चहा कशात गार होतो? चार मिनिटांची व्हॉइस नोट आली. झाडीपट्टीचं नाटक, म्हणजे तिच्याकडचं, पूर्व विदर्भातलं. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री उशिरा नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, ती आईच्या मांडीवर चादर गुंडाळून बसायची आणि झोप आली तरी शेवटचा अंक चुकवायचा नाही म्हणून डोळ्यांना पाणी लावायची. बोलता बोलता तिचा आवाज पार बदलला होता. यंदाच्या मंडईला मी तिच्यासोबत वडसाला चाललेय, आणि त्याआधी एका रविवारी ती लेण्याद्रीला येतेय, टॉर्च तिचा चांगलाय.