कापडापासून सुरुवात : वस्त्रकलेच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

भरतकाम किंवा वस्त्रकला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला समकालीन कलाकारांच्या प्रेरणेविषयी विचारले, की निसर्ग, आठवणी, परंपरा असे शब्द हमखास येतात. ही उत्तरे चुकीची नसतात. फक्त त्यांचा आधार घेऊन पहिला टाका कुठे घालावा, हे कळत नाही. म्हणून कोणत्याही कलाकाराचा अभ्यास करताना त्याच्या हाती कोणते कापड आले आणि ते कुठून आले, हे मी आधी पाहते.

लुईझ बुर्ज्वा यांच्या घरी जुन्या टॅपिस्ट्री, म्हणजे चित्रे विणलेले भिंतीवरचे पडदे, दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता; तरी शिल्पकार म्हणून मोठे नाव झाल्यानंतर, उतारवयात, त्या जपून ठेवलेल्या स्वतःच्या कपड्यांकडे वळल्या. २००२ साली त्यांनी केलेल्या कापडी पुस्तकाची पाने म्हणजे त्यांच्या १९३८ सालच्या लग्नाच्या वेळचे लिननचे रुमाल असून, त्यांवर भरलेली आद्याक्षरे अजून दिसतात. त्या पुस्तकातली ‘आठवण’ ही अशी धुवून, घडी घालून ठेवलेली वस्तू आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांचेही तसेच. मिझुरी पेटवे यांनी पती वारल्यावर, १९४२ साली, त्यांच्याच शेतावरच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटलेल्या निळ्या रंगाच्या छटा तिथे रंगसंगती म्हणून निवडलेल्या नाहीत, त्या वापरण्यातून आलेल्या आहेत. आणि तरीही ती मांडणी एखाद्या अमूर्त चित्राइतकी नेटकी आहे.

कापडानंतर पद्धत पाहावी. भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी पूर्वरेखाटन न करता जाड दोरांना गाठींवर गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पे घडवीत. वनस्पती आणि देवप्रतिमा त्यांच्या मनात होत्याच, पण त्या आकारांचे वजन आणि त्यांच्या घड्या दोराच्या ताणातून आल्या. अमेरिकन वस्त्रकलाकार शीला हिक्स यांना येल विद्यापीठात शिकताना दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातल्या प्राचीन वस्त्रांनी ओढून घेतले, आणि कॅनव्हास ताणण्याच्या लाकडी चौकटीचाच माग करून त्या छोटी विणकामे करू लागल्या. प्रवासात सोबत नेता येणारी ही विणकामे त्यांनी पुढे अनेक दशके चालू ठेवली. नवशिक्यांनी हिक्स यांच्या भव्य मांडण्यांपेक्षा या लहान कामांपासून आरंभ करावा, असे मला वाटते.

नुसते पाहून मात्र भागत नाही. आवडलेल्या कामाचा हातभर तुकडा स्वतः करून पाहावा. धुऊन झिजलेल्या सुती कापडात सुई अलगद शिरते, पण धावदोरा जरा ओढला गेला की कापडाला चुण्या पडतात. नव्या, खळ असलेल्या कापडावर तोच टाका सपाट बसतो. गोधडीचा उबदार, उंचसखल पृष्ठभाग पुष्कळदा या चुण्यांमुळेच येतो, हे छायाचित्रावरून समजणे अवघड असते. प्रदर्शनात कामाची उलटी बाजू दिसत असेल तर ती अवश्य पाहावी : कारागीर दोरा कुठे तोडतो, कुठे तसाच पुढे नेतो, हे तिथे उघड होते. (दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी कामे चौकटीत बंद असतात.)

प्रवेशाच्या मुलाखतीसाठी नमुने नेताना प्रत्येकाखाली कापड, दोरा आणि टाका यांची नोंद करावी, आणि हेच कापड का घेतले, हे एका वाक्यात लिहावे. माझ्या अनुभवात परीक्षकांचे प्रश्न बहुधा त्या एका वाक्यावरच येतात, आणि नमुना अपुरा असला तरी त्याची त्यांना फारशी फिकीर नसते.