व्हिलन नक्की कोण? फॅन थिअरी मांडताना या चुका टाळा

फँटसी सिरीजमध्ये एखादा व्हिलन चेहरा लपवून वावरत असेल तर त्याच्यावर थिअरी, म्हणजे तो कोण असेल याचा पुराव्यांवरून अंदाज, मांडणं हा मला वाचनाचाच सगळ्यात भारी प्रकार वाटतो, कारण त्यासाठी पुस्तक परत उघडावं लागतं, एपिसोड परत लावावा लागतो, आणि पहिल्या फेरीत जे निसटलं ते दुसऱ्या फेरीत हाताला लागतं. पण बऱ्याच थिअऱ्या ठरावीक जागीच गडगडतात. त्या जागा कुठल्या आणि थिअरी तिथे अडकली की काय करायचं ते खाली लिहिलंय. हॅरी पॉटर, नारुतो, रिंग्ज ऑफ पॉवर, गेम ऑफ थ्रोन्स आणि व्हील ऑफ टाइम या सगळ्यांचे मोठे स्पॉइलर आहेत पुढे, यातलं काही बघायचं वाचायचं बाकी असेल तर आधी ते उरका, खरंच.

नाव आधी ठरवलं, पुरावे मागून गोळा केले

सगळ्यात कॉमन चूक हीच. एक कॅरेक्टर आपल्याला संशयास्पद वाटतं आणि मग त्याचं प्रत्येक वाक्य, प्रत्येक कटाक्ष पुरावा दिसायला लागतो. हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात (2003) हॅरीच्या मावसभावाच्या, डडलीच्या टोळीने मार्क इव्हान्स नावाच्या दहा वर्षांच्या पोराला मारल्याचा ओझरता उल्लेख आहे. आता हॅरीच्या आईचं माहेरचं आडनाव इव्हान्स, झालं, एवढ्या एका आडनावावर हा पोरगा पुढे कोणीतरी मोठा निघणार म्हणून थिअऱ्यांचा डोंगर उभा राहिला आणि शेवटी 2004 मध्ये लेखिका रोलिंगला स्वतः सांगावं लागलं की तो कोणीही नाहीये, आडनाव फक्त जुळलंय. पुरावा एकच होता, आणि तोही असा की त्या आडनावाच्या कुणालाही लागू पडला असता.

उपाय सोपा आहे पण करायला जड जातो. तुमचे सगळे क्लू एका कागदावर लिहा आणि मग मुद्दाम दुसरा संशयित घेऊन तेच क्लू त्याला लावून बघा. जो क्लू दोघांना सारखाच बसतो तो बाजूला काढा. उरतील ते खरे.

2022 मध्ये टोल्किनच्या कथांवरच्या रिंग्ज ऑफ पॉवरचा पहिला सीझन चालू होता तेव्हा त्यातला लपलेला मुख्य व्हिलन सॉरॉन कोण यावर नुसता गदारोळ होता, आणि ही चाचणी तिथे किती कामाची होती बघा. आकाशातून आगीच्या गोळ्यासारखा पडलेला तो अनोळखी म्हातारा, ज्याला सगळे स्ट्रेंजर म्हणायचे, त्याच्याकडे प्रचंड शक्ती, भाषा येत नाही, त्याच्या हातात काजवे मरतात. पण हे सगळं कुठल्याही गोंधळलेल्या जादुई जीवाला बसतं, सॉरॉनच असायची गरज नाही. उलट हॅलब्रँडकडे बघा, जो शेवटी सॉरॉन निघाला, तो न्यूमेनॉर बेटावर पोचल्या पोचल्या लोहाराच्या भट्टीत काम मागतो, आणि टोल्किनच्या जगात सॉरॉन मुळात आउलेचा, म्हणजे कारागिरांच्या देवतेचा शिष्य. शिवाय गळ्यात राजचिन्ह आहे पण ते आपण एका मेलेल्या माणसाकडून घेतलं असं तो स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्याची ओळख पांघरून फिरणारा माणूस. हे दोन्ही क्लू स्ट्रेंजरला बसतच नाहीत.

एक मान्य करायला हवं, की मेकर्सनी स्ट्रेंजरच्या बाजूने एक फार हुशार चकवा पेरला होता. पहिल्या एपिसोडमध्ये सॉरॉनला शोधणाऱ्या गॅलाड्रिएलच्या तुकडीला जाणवतं की ही जागा इतकी दुष्ट आहे की मशालींना ऊबच नाही, आणि दुसऱ्या एपिसोडमध्ये स्ट्रेंजरच्या भोवतीची आग भाजतच नाही. हे ज्यांनी जोडलं त्यांनी चांगलं वाचलं होतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण त्या एका दुव्यावर सगळा भार टाकला तिथे गणित चुकलं.

कोणीतरी म्हणालं म्हणून खरं धरलं

त्याच सीझनमध्ये राक्षसी ऑर्क्सचा म्होरक्या अडार सांगतो की मी सॉरॉनला मारलं. शेवटच्या एपिसोडच्या सुरुवातीलाच त्या तीन पांढऱ्या कपड्यांतल्या बायका स्ट्रेंजरला सॉरॉन म्हणून हाक मारतात. दोन्ही वाक्यं कॅरेक्टर्सची आहेत, लेखकाची नाहीत, हा फरक विसरला की थिअरी तिथेच वाट सोडते. अडारला जेवढं दिसलं तेवढं त्याने सांगितलं, आणि त्या बायका सरळसरळ चुकल्या. आणि हो, शेवटच्या एपिसोडच्या पहिल्या काही मिनिटांतच उत्तर हातात पडत असेल तर थोडं थांबायचं, पुढचा वेळ त्यांनी कशासाठी ठेवलाय ते बघायचं.

प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा: बोलणारा कोण, त्याला हे माहीत असायला वाव आहे का, आणि खोटं बोलून त्याचा फायदा काय. मुखवटा घातलेला माणूस स्वतःचं नाव सांगतो तेव्हा तर हे लिहायलाच हवं.

गाजावाजा केलेल्या क्लूच्या मागे धावणं

संशयितावर कॅमेरा रेंगाळतोय, म्युझिक बदलतंय, हीरो त्याच्याकडे रोखून बघतोय, हे सगळं तुम्ही बघावं म्हणूनच ठेवलेलं असतं. खरा क्लू बहुतेक वेळा दुसऱ्या मोठ्या घटनेच्या आडोशाला असतो आणि याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातलं आहे (1997). झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचच्या मॅचमध्ये हॅरीचा झाडू बिथरतो, हर्मायनीला दुर्बिणीतून दिसतं की शिक्षक स्नेप नजर न हलवता काहीतरी पुटपुटतोय, ती त्याच्या झग्याला आग लावायला धावत सुटते आणि धावता धावता वाटेत दुसऱ्या शिक्षकाला, क्विरेलला धक्का देते, तो पुढच्या रांगेत डोक्यावर आपटतो, आणि ती माफी मागायलाही थांबत नाही. मग आग लागते, झाडू शांत होतो. वाचणारा काय समजतो? आग लागली म्हणून स्नेपची नजर हटली म्हणून हॅरी वाचला. पण नजर दोघांची हटली होती ना, आणि झाडू बिथरवणारा होता क्विरेल! एकाच धावपळीत दोन गोष्टी घडल्या, लेखिकेने दोन्ही आपल्यासमोर ठेवल्या, काहीही लपवलं नाही, फक्त एकीवर आपलं सगळं लक्ष ओढून घेतलं. शेवटी क्विरेल स्वतःच हे सांगतो तेव्हा ते पान परत उघडून बघा, धक्का तिथेच आहे, अर्ध्या ओळीत.

म्हणून सीन परत वाचताना स्वतःला विचारायचं की या प्रसंगात निकाल बदलायच्या अगदी आधी अजून काय काय घडलं. यादीतली मधली वस्तू, विनोदाच्या ओघात आलेलं वाक्य, गर्दीत उभा असलेला तिसरा माणूस, क्लू असल्याच ठिकाणी असतात.

पुस्तक आणि स्क्रीन एकत्र कालवणं

क्विरेलचंच घ्या. सिनेमात (2001) लीकी कॉल्ड्रन या पबमध्ये तो हॅरीशी हात मिळवत नाही, आणि शेवट माहीत असलेल्याला वाटतं, वा, हॅरीच्या स्पर्शाने तो भाजतो म्हणून आधीच पेरलेला क्लू. पण पुस्तकात तो चक्क हॅरीचा हात धरतो! आणि तेही बरोबर आहे, कारण पुस्तकात मुख्य व्हिलन वोल्डेमॉर्ट त्याच्या डोक्यामागे येतो तो ग्रिंगॉट्स बँकेतली चोरी फसल्यानंतर, आणि ती हातमिळवणी त्याच्या आधीची आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण एकातला क्लू दुसऱ्यात नेलात की काहीच जुळणार नाही.

गेम ऑफ थ्रोन्समध्ये तर हे फारच झालं. ब्रॅन हा चांगल्या बाजूचा मुलगाच नाइट किंग, म्हणजे व्हाइट वॉकर्स या बर्फाळ राक्षसांचा राजा, ही थिअरी सिरीयलच्या फ्रेम्सवर उभी होती, चेहऱ्यातलं साम्य, कपड्यांतलं साम्य वगैरे, आणि आधारासाठी लोक पुस्तकातले संदर्भ द्यायचे. पण आत्तापर्यंत आलेल्या पाच पुस्तकांत व्हाइट वॉकर्सचा राजा असा नाइट किंग नाहीच, तिथे जुन्या दंतकथेतला नाइट्स किंग आहे, नाइट्स वॉच या पहारेकरी दलाचा तेरावा कमांडर, पूर्ण वेगळी गोष्ट. 28 एप्रिल 2019 च्या एपिसोडमध्ये ब्रॅनच्या बहिणीने, आर्याने नाइट किंगला संपवलं आणि थिअरीपण तिथेच संपली. थिअरीच्या पहिल्या ओळीतच लिहून टाका की ही पुस्तकाची आहे, सिरीयलची आहे की अ‍ॅनिमेची, आणि दुसरीकडचा पुरावा घेतलाच तर तो फक्त जोडीला ठेवा.

प्रश्न बाकी आहे म्हणून थिअरी टाकून देणं, आणि उलटही

माझ्या मते सगळ्यात जास्त चांगल्या थिअऱ्या इथे मरतात आणि सगळ्यात जास्त वाईट थिअऱ्या इथेच वाचतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. एखाद्या गोष्टीचं उत्तर अजून मिळालेलं नसणं वेगळं आणि कथेत दिलेल्या नियमाशीच विरोध असणं वेगळं. पहिल्यात थिअरी जिवंत असते, दुसऱ्यात ती गेलेली असते.

नारुतोमधला तोबी बघा. मुखवटा घातलेला, सुरुवातीला वेड्यासारखा वागणारा, मग अचानक मीच उचिहा मदारा, म्हणजे फार पूर्वी मेलेला समजला जाणारा योद्धा, म्हणून सांगणारा. अर्ध्या जगाने ते मान्य केलं. दुसरी थिअरी होती की हा ओबितो आहे, नारुतोचा गुरू काकाशीचा लहानपणी मेलेला मित्र. त्या बाजूचा पुरावा छान होता: मुखवट्याला भोक फक्त उजव्या डोळ्यासमोर, आणि ओबितोने मरताना काकाशीला दिला तो डावा डोळा. पण लोक एका प्रश्नावर ती उडवून लावायचे, की अहो तो दगडाखाली चिरडला गेला, शरीराची उजवी बाजू पार गेली, तर जगला कसा? प्रश्न योग्यच होता. फक्त हे उत्तर नसलेलं भोक होतं, विरोध नव्हता. त्याचा मृतदेह परत आणलेला कोणी दाखवला नव्हता आणि तो जगूच शकत नाही असा कुठला नियमही कथेत नव्हता.

आता मदाराची थिअरी घ्या. महायुद्धात काबुतो हा व्हिलन एदो तेन्सेई हे मेलेल्यांना बोलावणारं जुत्सू, म्हणजे निन्जा विद्या, वापरून खऱ्या मदाराला परत आणतो. या जुत्सूचा नियम आधीच सांगून झालाय, की फक्त मेलेल्याचाच आत्मा बोलावता येतो. म्हणजे मदारा मेलेला होता, आणि मग समोर मुखवटा घालून हिंडणारा जिवंत माणूस मदारा असूच शकत नाही. एका पॅनलमध्ये थिअरी खलास, याला ठिगळ लावताच येत नाही. 2012 मध्ये चॅप्टर 599 ला मुखवटा उतरला आणि ओबितो निघाला, तो जगला कसा याचं उत्तरही नंतर दिलं.

त्यामुळे कोणी तुमच्या थिअरीवर आक्षेप घेतला की आधी तो आक्षेप कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा. "हे कसं झालं असेल" असा असेल तर नोंद करा आणि पुढे जा. "कथेतल्या अमुक नियमाने हे होऊच शकत नाही" असा असेल तर थिअरी सोडा, नवीन जादू, जुळा भाऊ, टाइम ट्रॅव्हल असलं काही आणून तिला तगवू नका. तगवलेली थिअरी दर चॅप्टरला एक नवीन टेकू मागते आणि शेवटी सगळ्यांना नुसते टेकूच दिसतात.

धक्का बसेल म्हणून खरं असेल

ही छोटी चूक आहे पण लिहायला हवी. सगळ्यात अनपेक्षित नाव घेतलं की थिअरी भारी होत नाही. त्या माणसाला हे सगळं करायचं कारण काय, तो हीरोच्या किती जवळ होता, आणि नाव कळल्यावर आधीचे कुठले सीन वेगळे दिसायला लागतील, हे सांगता येत नसेल तर ती थिअरी अजून अर्धीच आहे. हॅलब्रँड सॉरॉन निघाल्यावर गॅलाड्रिएलचा अख्खा सीझन बदलतो, तिनेच त्याला न्यूमेनॉरहून मध्य-भूमीवर परत आणलेलं असतं. उघड व्हायचं तर असं काहीतरी उघड व्हायला हवं.

लेखकाच्या उत्तरावर घर बांधणं

मुलाखतीत लेखक हसला, बघू म्हणाला, उत्तर टाळलं, याचा अर्थ लावत बसू नका. व्हील ऑफ टाइमच्या पाचव्या पुस्तकात (1993) अ‍ॅस्मोडिअन हा व्हिलन राजवाड्यात एक लहानसं दार उघडतो, समोरच्या माणसाला बघून चकित होतो आणि मरतो, मारणाऱ्याचं नाव नाही. लेखक रॉबर्ट जॉर्डन सांगायचे की उत्तर उघड आहे, आणि त्या एका वाक्यामुळे प्रत्येकाला आपलाच संशयित उघड वाटायला लागला. 2007 मध्ये जॉर्डन गेले, पुढची पुस्तकं ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली आणि 2010 च्या तेराव्या पुस्तकात उत्तर आलं, तेही कथेत नाही तर मागच्या शब्दसूचीत: ग्रेंडाल, त्याच्याच गटातली एक व्हिलन. सतरा वर्षं!

ज्या फॅन्सनी ते आधी ताडलं होतं त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांनी पानावरूनच सुरुवात केली: त्याने मारणाऱ्याला ओळखलं, म्हणजे ज्यांना तो कधी भेटलाच नाही ते सगळे बाद, मृतदेह कुणाला सापडला नाही, म्हणजे तो नाहीसा करण्याची ताकद हवी, आणि त्या वेळी तिथे पोचणं शक्य हवं. अशा चाळणीतून जी दोन चार नावं उरली त्यात ग्रेंडाल होतीच.

तुमच्या संशयितांचीही अशीच चाळणी करा आणि प्रत्येक नाव का बाद झालं त्याचं कारण पान नंबर किंवा एपिसोड नंबरसकट लिहून ठेवा. नाव, पद्धत आणि हेतू असे तीन कॉलम वेगळे ठेवा म्हणजे उत्तर आल्यावर नाव बरोबर पण हेतू चुकला असं नेमकं कळतं, आणि त्याच सिरीजच्या पुढच्या रहस्याला हात घालताना हा लेखक क्लू कुठे ठेवतो ते तुम्हाला आधीच माहीत असतं.