कॅन्ससच्या माळरानावर एकट्याने सायकल: एका दिवसाची आखणी

अमेरिका आडवी ओलांडणारा ट्रान्सअमेरिका सायकलमार्ग १९७६ साली, देशाच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने खुला झाला. पश्चिम कॅन्ससमध्ये तो ९६ क्रमांकाच्या महामार्गाने जातो. पूर्वेकडे निघालेल्या एकट्या सायकलस्वाराने तिथे ट्रिब्यून ते डायटन हा सुमारे ११५ किलोमीटरचा टप्पा एका दिवसासाठी धरावा. वाटेत लिओटाय आणि स्कॉट सिटी ही दोनच गावे भरवशाची आहेत. जमीन पूर्वेकडे अगदी हळूहळू उतरते, पण त्यावर विसंबू नये. इथला दिवस वाराच ठरवतो.

उन्हाळ्यात हा वारा बहुधा दक्षिणेचा असतो आणि दिवस चढेल तसा जोर धरतो. म्हणून पहाटे पाचलाच निघावे. ट्रिब्यूनचे घड्याळ माउंटन वेळेवर आणि लिओटायचे त्याहून एक तास पुढच्या सेंट्रल वेळेवर चालते, त्यामुळे वाटेत एक तास नुसताच गळतो. दुकानांच्या वेळा पाहताना हे ध्यानात ठेवावे. दोन गावांमध्ये ३५ ते ४० किलोमीटर सावलीही मिळत नाही, तेव्हा प्रत्येक गावातून निघताना किमान ३ लिटर पाणी भरून घ्यावे.

दक्षिणेचा वारा उजव्या अंगावर येतो आणि नकळत आपण उजवीकडे कलून सायकल चालवू लागतो. उत्तरेचा वारा असेल तर मात्र अधिक जपावे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे अशा वेळी आपण डावीकडे, म्हणजे रहदारीच्या बाजूला कललेले असतो. मागून आलेला ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर अडवतो आणि सायकल त्याच्याच दिशेने ओढली जाते. हँडलला आरसा लावावा, ट्रक दिसताच हात सैल पण पक्के ठेवावेत आणि जागा अपुरी वाटली तर सरळ उतरून कडेला उभे राहावे. जूनमध्ये गव्हाच्या कापणीमुळे ट्रकची वर्दळ वाढते.

पुढच्या गावाचे उंच धान्य-कोठार १५ किलोमीटरवरूनही दिसते आणि तासभर पायडल मारूनही जवळ येत नाही. त्याच्याकडे पाहत बसण्यापेक्षा आडवे कच्चे रस्ते मोजावेत, कारण ते बहुतेक एकेका मैलावर आहेत.

विश्रांतीला सायकल गवतात टेकवू नये. तिथे आपल्याकडचाच सराटा उगवतो आणि त्याचे काटे ट्यूबमध्ये आरपार जातात. दोन जादा ट्यूब जवळ असाव्यात. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक काढावे.

दुपारी पश्चिमेला ढग उभे राहू लागले तर पुढच्या गावाचा हट्ट सोडावा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, आणि या माळावर सर्वांत उंच वस्तू बहुधा आपणच असतो.

या भागातील अनेक छोट्या गावांत सायकलस्वारांना सार्वजनिक बागेत तंबू ठोकू देतात. परवानगी आधी विचारावी. हिरवळीवरचे फवारे कोणत्या वेळी सुरू होतात, हेही त्याच वेळी विचारावे. मी ते एकदा विचारले नव्हते आणि रात्री दोन वाजता भिजलेली झोपण्याची पिशवी घेऊन बागेतल्या बाकावर उजाडण्याची वाट पाहत बसलो होतो.